सरपंच झालात? आता गावाला हिशेब कसा सांगायचा : खान्देशातल्या नव्या सरपंच-सदस्यांसाठी

गुलाल उतरतो न उतरतो तोच पारावर, डेअरीवर, बसस्टँडच्या टपरीवर दोन प्रश्न सुरू होतात. "आमनं घरकुल कव्हय येई?" आणि "रस्त्याना पैसा कथा ग्यात?" निवडणुकीत तुम्ही काय बोललात ते लोक विसरतात. हे दोन प्रश्न मात्र पाच वर्षं पाठ सोडत नाहीत.

मी गिरणाकाठच्या कपाशीच्या गावात सरपंचकीची एक मुदत काढली. आता आजूबाजूच्या गावांतले नवे सरपंच आणि सदस्य कागद घेऊन घरी येतात, तेव्हा जे त्यांना सांगतो तेच इथे लिहितोय. कामं कशी आणायची, याचा हा लेख नाही. ती आणणारे पुष्कळ असतात. झालेलं, अडकलेलं आणि न होणारं काम गावाला कसं सांगायचं, एवढाच विषय आहे.

कुठल्याही कामाबद्दल किंवा योजनेबद्दल बोलताना तीन गोष्टी सांगितल्याच पाहिजेत : काम कोणत्या टप्प्यावर आहे, कुणाच्या टेबलावर आहे, आणि गावकऱ्याने स्वतः काय करायचं आहे. "पाठपुरावा चालू आहे" या वाक्यात तिघांपैकी एकही नाही. ते वाक्य आजपासून बंद करा.

१. पहिल्या महिन्यात दप्तर उघडा

पदभार घेतला की सत्काराआधी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांसोबत (२०२४ मध्ये पदाचं नाव बदललं, गावात अजून ग्रामसेवक भाऊसाहेबच म्हणतात) अर्धा दिवस बसा. पंचायतीचं दप्तर नमुना १ ते ३३ मध्ये असतं. सगळं वाचायची गरज नाही. एवढं मागा :

- नमुना १ : चालू वर्षाचं अंदाजपत्रक
- नमुना ३ : मागच्या वर्षाचा जमाखर्च
- नमुना ५ : रोकडवही, आणि तिच्याशी ताडून बघायला सगळ्या बँक खात्यांची पासबुकं
- नमुना ८ आणि ९ : घरांची कर आकारणी आणि कराची मागणी, थकबाकीसह
- मागच्या दोन वर्षांची ग्रामसभा आणि मासिक सभेची प्रोसिडिंग बुकं
- ग्रामपंचायत विकास आराखडा
- लेखापरीक्षणाचे प्रलंबित शक, म्हणजे आक्षेप
- अपूर्ण कामांची यादी : कार्यारंभ आदेशाची तारीख आणि ठेकेदाराचं नाव यांसह

खाती किती आहेत ते नीट विचारा. ग्रामनिधी, पाणीपुरवठा, वित्त आयोग अशी वेगवेगळी खाती असतात. एखादं जुनं खातं कुणाच्याच लक्षात नसतं आणि पुढे त्याच खात्याचा शक तुमच्या नावावर निघतो.

आधीच्या मंडळींनी काय केलं याची चौकशी लावायची खुमखुमी असेल तर थोडं थांबा. आधी स्थिती लिहून काढा, तारीख टाका, मासिक सभेत वाचून दाखवा. "आम्ही आलो तेव्हा शिल्लक इतकी, थकीत वीजबिल इतकं, अपूर्ण कामं ही" असा ठराव प्रोसिडिंगमध्ये असला की तीन वर्षांनी वाद घालायची वेळ येत नाही.

२. आपलं टेबल कोणतं, दुसऱ्याचं कोणतं

गावाला सरपंच म्हणजे सगळं सरकार वाटतं. तुम्हालाही तसं वाटायला लागलं की गोंधळ सुरू होतो. जे आपल्या हातात नाही त्याचं आश्वासन द्यायचं नाही. ते कुठे होतं ते सांगायचं.

गल्लीतली गटार, दिवाबत्ती, गावची नळयोजना, कर, जन्म-मृत्यू-विवाह नोंद, नमुना ८ चा उतारा : हे पंचायतीचं. घरकुल, रोजगार हमीची बरीच कामं, पंचायत समितीचा निधी : तालुक्याला गटविकास अधिकाऱ्यांकडे. सातबारा, फेरफार, नुकसानीचे पंचनामे, रेशनकार्ड, संजय गांधी निराधार, श्रावणबाळ : तहसील कार्यालय आणि तलाठी आप्पा. शेतीच्या अनुदानाच्या योजना : कृषी सहायक. डीपी जळाली तर वीज वितरणचं सबस्टेशन.

पाण्याचंच घ्या. गिरणा धरण नाशिक जिल्ह्यात, नांदगाव तालुक्यात. चाळीसगाव, भडगाव, पाचोऱ्यापासून खालच्या गावांच्या विहिरी त्याच्या आवर्तनावर जिवंत राहतात. आवर्तन कधी सुटणार हे कुठल्याच सरपंचाच्या हातात नसतं. तरीही उन्हाळ्यात लोक तुमच्याच दारात येतात. तेव्हा "बघतो" म्हणू नका. "आवर्तनाचा निर्णय जिल्ह्याला होतो, आपल्याकडून टंचाईचा ठराव या तारखेला गेला, गटविकास अधिकारी आणि तहसीलदारांची पाहणी झाली की टँकर किंवा विहीर अधिग्रहणाची मंजुरी येईल, तोवर नळाला एक दिवसाआड पाणी" असं सांगा. लोक चिडतील, पण तुम्हाला खोटं ठरवणार नाहीत.

हे "कुठलं काम कुठे" एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून पंचायतीच्या दारावर चिकटवा. निम्म्या फेऱ्या तिथेच वाचतात.

३. कामाची वही ठेवा

शंभर पानी वही घ्या. मोबाईलमधली नको, मोबाईल बदलतो, फुटतो, पोराच्या हातात जातो. एका कामाला एक पान. वर कामाचं नाव आणि निधी कुठला ते लिहा. निधीचं नाव फार महत्त्वाचं आहे, कारण गावात एकाच रस्त्याचं श्रेय तीन जण घेतात. पंधरावा वित्त आयोग, जिल्हा वार्षिक योजना, आमदार निधी, २५१५ या लेखाशीर्षाखालची मूलभूत सुविधांची कामं, अनुसूचित जाती वस्ती विकास, ठक्कर बाप्पा आदिवासी वस्ती सुधारणा, जिल्हा परिषद सेस : प्रत्येकाचे नियम वेगळे, वापर वेगळा.

त्याखाली टप्पे, प्रत्येकासमोर तारखेला जागा :

१) ग्रामसभेचा किंवा मासिक सभेचा ठराव
२) अंदाजपत्रक, म्हणजे इस्टिमेट
३) तांत्रिक मान्यता
४) प्रशासकीय मान्यता
५) निविदा किंवा दरपत्रकं
६) कार्यारंभ आदेश
७) प्रत्यक्ष काम
८) अभियंत्याचं मोजमाप, एमबीत (मोजमाप पुस्तिकेत) नोंद
९) देयक
१०) पूर्णत्वाचा दाखला

गावातले निम्मे वाद या दहा ओळींतून निपजतात. प्रशासकीय मान्यता मिळाली की कुणीतरी बॅनर लावतो "दहा लाखांचा निधी मंजूर". लोकांना वाटतं दहा लाख आले. सहा महिने खडीचा दगडही पडत नाही. मग लोकांना वाटतं दहा लाख गेले. खरं तर एक रुपयाही आलेला नसतो आणि गेलेलाही नसतो. म्हणून बोलताना तीन शब्द कधीही एकत्र करू नका : मंजूर, जमा, खर्च. मंजूर म्हणजे कागद. जमा म्हणजे पासबुक. खर्च म्हणजे एमबी आणि देयक. ज्या दिवशी पासबुकात एन्ट्री दिसेल त्या दिवशी "जमा" म्हणा, त्याआधी नाही.

वित्त आयोगाच्या पैशाबद्दल आणखी एक गोष्ट गावाला एकदा नीट समजावा. २०२१-२२ ते २०२५-२६ या काळातल्या पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत ६० टक्के रक्कम बंधित होती : निम्मी पाण्यासाठी, निम्मी स्वच्छतेसाठी. उरलेली ४० टक्के अबंधित. "खात्यात पैसे आहेत तर सभामंडप का बांधत नाही?" याचं उत्तर या एका ओळीत आहे. बंधित पैसा तिथे वळवताच येत नाही. पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातूनही १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. दिव्यांगांचे ५ टक्के हा विषय स्वतःहून काढा. जे लोक कधी तोंड उघडत नाहीत त्यांचा हा पैसा असतो आणि मार्च उलटला की तो तसाच पडून राहिलेला दिसतो.

कुणी तुमच्या वहीवर शंका घेतलीच, तर त्याला ई-ग्रामस्वराज पोर्टलवर किंवा मेरी पंचायत अॅपवर आपल्या गावाचं नाव टाकून बघायला सांगा. आराखडा आणि वित्त आयोगाचा खर्च तिथे दिसतो. गावातली कॉलेजची पोरं ते बघतातच. तुम्ही त्यांच्या आधी बघत जा.

४. ग्रामसभा : इथे घाई करू नका

कायद्याने वर्षाला किमान चार ग्रामसभा. प्रघात म्हणजे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. नोटीस सात दिवस आधी. गणपूर्ती गावातल्या मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतली जी संख्या कमी असेल ती. गणपूर्ती झाली नाही तर सभा तहकूब होते. पुढच्या तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, पण तिच्यात नवा विषय घेता येत नाही.

इथेच पहिला सापळा आहे. काही गावांत मुद्दाम पहिली सभा पडू देतात, तहकूब सभेत दहा माणसांत ठराव उरकतात आणि बाकीच्या सह्या घरोघर जाऊन घेतात. कुणी सल्ला दिला तरी या वाटेला जाऊ नका. ज्या ग्रामसभेला गाव नव्हतं तिचा ठराव गाव आपला मानत नाही, आणि एखाद्याने माहितीच्या अधिकारात हजेरी मागितली तर तोंड दाखवायला जागा राहत नाही.

चार तारखांचं वजन आपल्याकडे सारखं नाही. १ मे ची सभा बहुतेक वर्षी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आसपास येते. सालदाराचा (वर्षाच्या बोलीवरच्या शेतमजुराचा) हिशेब आखाजीला होतो, तसा सरपंचाचाही त्याच सुमारास झालेला बरा : मागच्या वर्षाचा जमाखर्च याच सभेत वाचा. लेकी माहेरी आलेल्या असतात, सुरतेला गेलेली पोरं सुट्टीला आलेली असतात, सभा भरते. फक्त वेळ सकाळी आठची ठेवा. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळिशी गाठतो. अकराला सभा ठेवली तर मंडपात तुम्ही आणि शिपाई दोघेच उराल.

२ ऑक्टोबरला कापूस वेचणी सुरू होत असते. मजुरी बुडवून कुणी येत नाही, म्हणून वेळ संध्याकाळची. आणि २६ जानेवारीला ऊसतोडीची कुटुंबं कारखान्यांवर असतात. लाभार्थी निवडीचा विषय या सभेत घेतला तर सगळ्यात गरजू माणूस गैरहजर आणि यादी मंजूर, असं होतं. निवडीचे विषय १५ ऑगस्टला घ्या. नाइलाजाने जानेवारीत घ्यावेच लागले तर तोडीवर गेलेल्यांची यादी आधी काढा आणि फोनवर त्यांचं म्हणणं नोंदवून सभेत वाचून दाखवा. बाजाराच्या दिवशी मात्र कुठलीच सभा नको.

ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावी लागते, वॉर्ड सभाही. कागदावर त्या बहुतेक ठिकाणी होतात. प्रत्यक्षात घ्या. पाणी किती वाजता येतं, किती वेळ येतं आणि गढूळ येतं का, हे गावातल्या कुठल्याही पुरुषाला नीट माहीत नसतं. अंगणवाडी ताई आणि आशाताईंना आधी सांगून ठेवलं तर बायका येतात. आणि सरपंच ताई असतील तर खुर्चीवर ताईच बसतील, माईक ताईंच्याच हातात राहील. भाऊ, तुम्ही मंडपाच्या मागच्या रांगेत बसा. महाराष्ट्रात निम्म्या जागा महिलांच्या आहेत, हे आता नवीन राहिलेलं नाही.

सभेत बोलायचा क्रम मी असा सांगतो :

- मागच्या सभेचं इतिवृत्त वाचा आणि प्रत्येक ठरावापुढे "झालं / चालू / झालं नाही" एवढंच सांगा.
- न झालेली कामं सगळ्यात आधी, कारणासकट.
- मग पैसे : सुरुवातीची शिल्लक, जमा, खर्च, आजची शिल्लक. आकडे पूर्ण सांगा. "साधारण" म्हणू नका.
- मग योजना : नवीन काय आलं, कुणासाठी, शेवटची तारीख, कागद.
- मग लोकांचे प्रश्न. उत्तर माहीत नसेल तर प्रश्न वहीत लिहून घ्या आणि कधीपर्यंत उत्तर देणार ती तारीख सर्वांसमोर सांगा.

भाषा घरचीच ठेवा. अहिराणी गावात अहिराणीत, लेवा पट्ट्यात लेवा बोलीत. सरकारी मराठीत "प्रशासकीय मान्यता प्रलंबित" म्हटलं की मागच्या रांगेतले आबा तंबाखू मळायला लागतात. ठराव मात्र शुद्ध मराठीतच लिहा, सूचक आणि अनुमोदकाच्या नावासह, आणि सभा उठायच्या आधी तो मोठ्याने वाचा. रात्री "सावकाश लिहू" म्हणून ठेवलेल्या प्रोसिडिंगमध्ये सकाळी नवीन ठराव उगवलेले असतात, असा अनुभव पुष्कळांना आहे.

५. फलक, दवंडी, मोबाईल

ग्रामसभा वर्षाला चार. मधल्या दिवसांत गावाला कळवायला तिन्ही साधनं लागतात. एकावर भागत नाही. ग्रुपवर टाकलं म्हणजे सांगितलं, असं समजू नका. साधा फोन असलेली आजी आणि फोनच नसलेला सालदार यांच्यासाठी कोतवालाची दवंडी किंवा घंटागाडीचा भोंगा अजूनही पक्का आहे.

फलकावर दर महिन्याच्या पाच तारखेला एक कागद लावा : मागच्या महिन्यात काय जमा, काय खर्च, कोणतं काम कुठल्या टप्प्यावर. हाताने लिहिलेलं चालेल. खाली तुमची आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांची सही. कागद लावल्यावर फोटो काढून ठेवा, कारण कागद फाटतो आणि "लावलाच नव्हता" असं म्हणणारे असतात.

व्हॉट्सअॅपचा ग्रुप करायचाच असेल तर त्यात फक्त अॅडमिनच लिहू शकतील अशी सेटिंग ठेवा. तक्रारींसाठी पंचायतीचा वेगळा नंबर. नाहीतर पाण्याच्या सूचनेवर शुभ सकाळचे सत्तर फोटो चढतात आणि रात्री त्यावर भांडण लागतं. संदेश असा लिहा :

*"सूचना, दि. __. वॉर्ड २ मधील गटार : कार्यारंभ आदेश झाला आहे, निधी पंधरावा वित्त आयोग (बंधित). काम सोमवारी सुरू होईल. राम मंदिर ते जिल्हा परिषद शाळा हा रस्ता चार दिवस बंद. बैलगाडी, ट्रॅक्टर खळवाडीच्या रस्त्याने न्यावेत. कामाबद्दल तक्रार असेल तर पंचायतीत लेखी द्यावी, पोच मिळेल. : ग्रामपंचायत"*

यात कुणाचं "अथक प्रयत्नांतून" नाही, फोटो नाही, हार नाही. गावाला पैसा कुठून आला ते दिसतंच.

दोन गोष्टी ग्रुपवर कधीही टाकू नका. एक, आधार क्रमांक, बँक खातं किंवा पासबुकाचा फोटो असलेली लाभार्थी यादी. यादी लावायचीच तर नाव आणि अनुक्रमांक पुरे. दोन, पुढे ढकललेली "मोफत" योजनांची लिंक. "मोफत शिलाई मशीन, इथे क्लिक करा" असं आलं की आधी पंचायत समितीत विचारा. सरपंचाने पाठवलं म्हणून बायकांनी ओटीपी दिला आणि खातं रिकामं झालं, तर तो डाग पाच वर्षांत धुऊन निघत नाही.

६. योजना सांगताना : नेमका पेच कुठे असतो

योजनांची नावं सगळ्यांना पाठ असतात. अडतं ते पात्रतेत आणि कागदांत. म्हणून "ही योजना आली" एवढं सांगून थांबू नका. "तुमचं का अडलं" ते सांगा.

*घरकुल.* प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट भागात १ लाख २० हजार, डोंगराळ भागात १ लाख ३० हजार, हप्त्यांनी. शौचालयाचे आणि मजुरीचे पैसे वेगळे. शबरी (अनुसूचित जमाती), रमाई (अनुसूचित जाती), मोदी आवास (इतर मागासवर्ग) या राज्याच्या योजना वेगळ्या. कुणाचं नाव कोणत्या यादीत हे आधी शोधा. प्रतीक्षा यादीतला क्रमांक सरपंचाला पुढे-मागे करता येत नाही, हे ग्रामसभेत ठामपणे सांगा. नाहीतर एजंट "सरपंचाला द्यायचे" म्हणून पैसे उकळतात आणि नाव तुमचं जातं. पुढचा हप्ता बांधकामाच्या फोटोवर सुटतो. पायाच घातला नाही तर पुढचा हप्ता येणार कसा? जागा नसलेल्यांसाठी पंडित दीनदयाल उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजना आहे. गिरणा-तापीकाठी वाळू हा वेगळाच विषय : राज्याच्या २०२५ च्या धोरणात घरकुलाला ५ ब्रासपर्यंत वाळू मोफत आहे, पण तहसीलचा पास हातात घेऊनच. पासाशिवाय ट्रॅक्टर नदीत घातला तर दंड लाभार्थ्यालाच भरावा लागतो.

*निराधार आणि श्रावणबाळ.* महिन्याला दीड हजार (दिव्यांगांना २०२५ पासून अडीच हजार). २०२३ मध्ये हजारावरून वाढले. श्रावणबाळला वय ६५ पूर्ण आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असावं लागतं. अर्ज उत्पन्नाच्या दाखल्यावर अडतो आणि चालू पगार हयातीच्या दाखल्यावर तुटतो. दरवर्षी हयातीच्या दाखल्याची तारीख आली की तलाठी आणि बँक मित्र यांना एक दिवस पंचायतीतच बोलवा. म्हाताऱ्या माणसांना तालुक्याला हेलपाटे घालायला लावू नका.

*लाडकी बहीण.* २०२४ पासून, महिना दीड हजार, वय २१ ते ६५, कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत. हप्ता थांबला की सगळ्यात आधी आधार कोणत्या बँकेला जोडलंय ते तपासा. पैसे भलत्याच जुन्या खात्यात जमा झालेले कितीदा सापडतात. मग ई-केवायसी बघा. यादीतून नाव तुम्ही काढलं असा समज होण्याआधी, पंचायतीला तो अधिकारच नाही हे सांगून टाका.

*पीएम किसान आणि नमो शेतकरी.* दोन्हींचे वर्षाला सहा-सहा हजार. तीन खिळे : ई-केवायसी, जमिनीची नोंद, आधाराला जोडलेलं खातं. तिघांपैकी एक निखळला की हप्ता बंद. शेतकरी ओळख क्रमांक काढलेला नसेल तर आधी तो.

*पीकविमा.* एक रुपयातली योजना २०२५ च्या खरिपापासून संपली. आता खरिपाला विमा रकमेच्या २ टक्के, रब्बीला दीड, नगदी पिकांना ५ टक्के हप्ता शेतकऱ्याचा. कपाशी नगदीत येते. रावेर-यावलकडच्या केळीला हवामानावर आधारित फळपीक विमा असतो. त्याची भरपाई ठरते महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या नोंदीवर, तुमच्या बांधावरच्या नासाडीवर नाही. म्हणून शिवेपलीकडच्या गावाला पैसे आणि आपल्याला नाही, असं घडतं. हे हंगामाआधी समजावून सांगितलं तर पुढची शिवीगाळ निम्म्याने कमी होते. ई-पीक पाहणीची तारीख दवंडी देऊन सांगा. सातबाऱ्यावर पीक नसेल तर सगळंच बसलं.

*नळयोजना.* जलजीवन मिशनमध्ये माणशी दिवसाला ५५ लिटर हा निकष. ठेकेदार काम संपल्याचं सांगून पंचायतीने योजना ताब्यात घ्यावी म्हणून मागे लागतो. शेवटच्या घराच्या नळाला, मे महिन्यात, दाबाने पाणी येतं का ते लोकांसमोर बघितल्याशिवाय सही करू नका. सही झाली की फुटलेली पाइपलाइन तुमची आणि वीजबिलही तुमचं.

कागदांची एक सर्वसाधारण यादी फलकावर कायम लावून ठेवा. बहुतेक योजनांना यांतलेच लागतात :

- आधार, आणि त्याला जोडलेला चालू मोबाईल नंबर
- आधार जोडलेलं बँक पासबुक
- रेशनकार्ड
- तहसीलचा उत्पन्नाचा दाखला (मुदत बघा)
- जातीचा दाखला, लागत असेल तिथे
- सातबारा, आठ अ किंवा घराचा नमुना ८
- वयाचा पुरावा
- दिव्यांगांसाठी प्रमाणपत्र, विधवांसाठी पतीचा मृत्यू दाखला
- दोन फोटो

आधारावरचं नाव आणि पासबुकावरचं नाव अक्षरानुअक्षर एकच आहे का ते पाहा. आपल्याकडे "भिकन"चं "भिका" आणि "सुमनबाई"चं "सुमन" झालेलं असतं आणि त्या एका अक्षरापायी अर्ज परत येतो.

७. पाड्यांसाठी वेगळा विचार

धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, नवापूर, तसंच साक्री, शिरपूर, चोपडा, यावल, रावेरची काही गावं पेसाखाली, म्हणजे आदिवासी भागातल्या पंचायतींच्या कायद्याखाली येतात. तिथे कायदाच वेगळा बोलतो : १९९६ चा केंद्राचा कायदा आणि राज्याचे २०१४ चे नियम. पाड्याला स्वतःची ग्रामसभा असू शकते, आणि आदिवासी उपयोजनेच्या ५ टक्के निधीचा विनियोग तिथली ग्रामसभा ठरवते. मोठ्या गावातल्या सभेत पाड्यांच्या वतीने ठराव करून मोकळं होऊ नका. पाड्यावर जा. पावरी किंवा भिली बोलणारा तिथलाच मुलगा किंवा मुलगी सोबत घ्या आणि जमाखर्च त्यांच्या तोंडून वाचून घ्या. वनहक्काच्या दाव्यांची स्थितीही याच बैठकीत सांगा. तो कागद कुठे पडलाय हे विचारायला तिथला माणूस दिवसाची मजुरी बुडवून येतो.

दिवाळीनंतर पाडे रिकामे होतात. म्हणून इथली कामाची मागणी, यादी, दाखले : सगळं पोळ्याच्या आसपास उरका.

८. आरोप झाला तर

होणारच. भर ग्रामसभेत कुणीतरी उठून "गटारीत इतके खाल्ले" म्हणेल. आवाज चढवू नका, घरच्यांना उठू देऊ नका. वहीचं पान उघडा, टप्पे वाचा, एमबीची तारीख सांगा, आणि "नक्कल पाहिजे तर उद्या अर्ज द्या" म्हणा. माहिती अधिकारात ३० दिवस असतात. तुम्ही तीन दिवसांत द्या. आरोप करणाऱ्यालाच पुढच्या कामाच्या पाहणीला बोलवा. काहींना खरंच शंका असते, काहींना पुढची निवडणूक लढवायची असते. दोघांनाही एकच कागद दाखवायचा.

उलट बाजूही आहे. आरोपात तथ्य निघालं, सिमेंट कमी निघालं, तर देयक थांबवायचं पत्र त्याच आठवड्यात द्या आणि त्याची प्रत फलकावर लावा. ठेकेदार तुमच्याच पॅनेलचा असेल तर जास्तच लवकर.

९. आचारसंहिता लागली की

जिल्हा परिषद-पंचायत समितीची निवडणूक असो की विधानसभेची, आचारसंहिता जाहीर होताच नवीन कामाची घोषणा, भूमिपूजन, उद्घाटन, सरकारी खर्चाची जाहिरात बंद. ग्रुपचं नाव "सरपंच अमुक भाऊ मित्र मंडळ" असेल आणि त्यावरच पाण्याच्या सूचना जात असतील, तर तक्रार व्हायला वेळ लागत नाही. म्हणून पंचायतीचा ग्रुप पहिल्या दिवसापासून पंचायतीच्या नावाने ठेवा आणि अॅडमिन म्हणून ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनाही घ्या. कार्यारंभ आदेश मिळून आधीच सुरू झालेलं काम थांबवायची गरज नसते, पण शंका असेल तर तहसीलच्या निवडणूक शाखेत लेखी विचारा. दिवाबत्ती, पाणी, साथीचा आजार यांच्या सूचना चालू राहतात. त्यांत तुमचं नाव तेवढं टाकू नका.